मळ्याची माती आणि झाडाची मालकी

ब्राझीलमधल्या पाराइबा नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात डोंगरच्या डोंगर कॉफीखाली आले. जंगल तोडायचं, पेटवायचं आणि राखेवर कॉफी लावायची, ही तिथली रीत. लागवडीच्या ओळी उतारावर थेट वरून खाली आखलेल्या असत. राबणाऱ्या गुलामांवर मुकादमाला पायथ्याशी उभं राहून नजर ठेवता यावी, यासाठी ती सोय होती. पावसाचं पाणीही मग त्याच ओळींतून धावत खाली येई आणि वरची काळीभोर माती घेऊन जाई. स्टॅन्ली स्टाइन या इतिहासकाराने १९५७ साली तिथल्या वासोरास परगण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या ऱ्हासाचा सगळा हिशेब आहे. १८८८मध्ये ब्राझीलने गुलामगिरी रद्द केली, तोवर खोऱ्यातले कितीतरी मळे म्हातारे झाले होते. पुढे त्या उघड्या टेकड्यांवर गुरं चरू लागली.

कॉफी मात्र थांबली नाही. ती साओ पावलोच्या पठाराकडे आणि नंतर पाराना प्रांताकडे सरकली. तिथे बेसॉल्ट खडकापासून झालेली खोल लाल माती होती. जुलै १९७५च्या भीषण हिमकडाक्यात पारानातले मळे जळाले, तेव्हा ती आणखी उत्तरेला मिनास जेराइसकडे आणि सेराडोच्या आम्ल माळरानांकडे गेली, आणि तिथे चुना आणि स्फुरद ओतून माती पिकाऊ केली गेली. एक जमीन थकली किंवा दगा देऊन गेली की दुसरी धरायची, असा हा दीडशे वर्षांचा प्रवास आहे. ज्या देशाकडे अफाट जमीन आहे त्याला हे परवडलं.

आपल्याला ते परवडणार नाही. कोडगू, म्हणजे आपल्या बोलण्यातलं कूर्ग, चिकमगळूर आणि हासन या कर्नाटकातल्या तीन जिल्ह्यांत देशातली सुमारे ७० टक्के कॉफी पिकते. कॉफीला सोसणारी उंची आणि पाऊस असलेले सह्याद्रीचे उतार तिथे कधीच भरून गेले आहेत. त्यांच्या एका अंगाला राखीव जंगल आहे आणि दुसऱ्या अंगाला कोरडं पठार. जी माती आहे तिच्यावरच पुढची शंभर वर्षं काढायची आहेत. म्हणून या मातीची सुपीकता येते कुठून, हा प्रश्न तिथल्या मळेवाल्यांपुरता राहत नाही. माझं म्हणणं असं आहे की या सुपीकतेचा निकाल डोक्यावरच्या झाडांत लागतो, आणि ती झाडं राहणार की जाणार हे मालकीच्या कागदावर ठरतं. खत, चुना, माती परीक्षण हे सगळं हवंच. पण झाडांचा प्रश्न बाजूला ठेवून नुसतं त्यावर बोलत राहिलो, तर रोगाऐवजी लक्षणांवरच औषध देत राहू.

मुळात ही माती श्रीमंत नाही. वर्षाला दीड हजार ते तीन हजार मिलिमीटर, आणि कड्याच्या बाजूला त्याहूनही जास्त पाऊस हजारो वर्षं झेलून तिच्यातला चुना, मॅग्नेशियम, पालाश बराचसा धुऊन गेला आहे. मागे उरलेत लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगं आणि केओलिनाइट नावाची चिकणमाती. कोकणातल्या जांभ्या जमिनीत वावरलेल्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतली चिकणमाती आपल्या कणांवर पालाश, चुना घट्ट धरून ठेवते. केओलिनाइटमध्ये ही धरण्याची ताकद फार कमी. टाकलेलं खत पहिल्या दोन जोरदार सरींत खाली निघून जायचं. स्फुरदाची गत उलटी होते. लोह-अॅल्युमिनियम त्याला असं पकडतात की माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर दिसला, तरी मुळांच्या हाती थोडाच लागतो.

अशा मातीत कॉफी दीडशे-पावणेदोनशे वर्षं तगली ती वरच्या वीतभर थरामुळे. चांगली सावली असलेल्या मळ्यात पावसाळा सरल्यावर एखाद्या झुडपाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर पाचोळा हलक्या हाताने बाजूला करून पाहावा. सर्वांत वर कोरडी, अख्खी पानं. फणसाची, उंबराची, शिसवीची पानं ओळखू येतात. त्याखालची पानं ओली, एकमेकांना चिकटलेली, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी शिवल्यासारखी. आणखी खाली पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, त्यांत गांडुळांची बारीक विष्ठा. मग काळपट, हातात चुरगळली की सुटी होणारी, पावसानंतरच्या रानासारखा वास असलेली माती. आणि या थरातच कॉफीची बारीक तपकिरी मुळं जाळीसारखी पसरलेली, काही तर थेट कुजणाऱ्या पानांत शिरलेली. वीतभर खाली गेलं की लाल रंग सुरू होतो आणि ही मुळं विरळ होत जातात. अन्न शोषणारी कॉफीची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. केओलिनाइट जे धरू शकत नाही ते इथला ह्यूमस धरतो. वजनाला वजन लावलं तर त्याची ताकद कैक पट भरते. स्फुरदाला लोहाच्या तावडीतून काही प्रमाणात सोडवतात ती कुजण्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं आणि मुळांसोबत राहणाऱ्या बुरशा. थोडक्यात, इथली सुपीकता दरवर्षी वरून पडते. हेक्टरी काही टन पाला पडतो, कुजतो आणि संपतो. पाला पडायचा थांबला, तर त्या हवेत ह्यूमसचा साठा संपायला फार वर्षं लागत नाहीत.

इथे कोणी म्हणेल, मग जंगलासारखं राहू द्या, बाहेरून काहीच घालू नका. हा विचार आपल्याकडून तिकडे गेलेला आहे. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी मांडलेल्या झिरो बजेट नैसर्गिक शेतीला कर्नाटकात मोठा प्रतिसाद मिळाला, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला खर्च कमी करायची हिंमत या चळवळीने दिली, हे मोलाचं काम आहे. आच्छादन आणि मातीतले जीव यांवरचा तिचा भर मला पूर्ण पटतो. मातीत सगळं आहे, बाहेरून काहीच नको, हा दावा मात्र कॉफीच्या डोंगराला लागू पडत नाही. जंगलातलं पान जंगलातच कुजतं, आणि कॉफीचं बी इटलीला जातं. एक टन तयार कॉफीबरोबर मळ्यातून साधारण ३५ ते ४० किलो नत्र, ५ ते ७ किलो स्फुरद आणि ४५ ते ५० किलो पालाश निघून जातं. नत्र हवेतून परत मिळवता येतं. दडाप, पांगारा, शिरीष यांच्या मुळांवरच्या गाठी ते काम करतात. पालाश हवेत नसतं. काळ्या जमिनीच्या खनिजांत पालाशाचा मोठा साठा असतो, म्हणून तिथे वर्षानुवर्षं न घालताही पीक निघतं. मलनाडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या या डोंगराळ पट्ट्याच्या, धुतलेल्या लाल मातीत तो साठाच तोकडा आहे. विदर्भातल्या शेताचा अनुभव कितीही खरा असला, तरी कोडगूच्या मातीसाठी तो पुरावा होत नाही.

फळाची साल मळ्यात परत घालता येते, आणि तिच्यात पालाश भरपूर असतं. तरीही हजारो मळ्यांच्या कडेला ती ढिगाऱ्याने पडून सडते, तिचं आम्ल पाणी ओढ्यात उतरतं, आणि त्याच मळ्याचा मालक बाजारातून पोटॅशची गोणी आणतो. ही उधळपट्टी थांबवायला नवं संशोधन लागत नाही. साल शेणाबरोबर थर लावून कुजवायची, चुना थोडा भुरभुरायचा आणि पावसाआधी मळ्यात पसरायची, एवढंच.

आता गोणीची बाजू. युरिया, डीएपी, अमोनियम सल्फेट यांतल्या अमोनियाचं मातीतले जिवाणू नायट्रेट करतात, आणि त्या क्रियेत आम्ल तयार होतं. पाऊस नायट्रेटला खाली नेतो, जाताना त्याच्यासोबत चुना-मॅग्नेशियमही जातं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की सामू उतरतो. कॉफीला सहा ते साडेसहाच्या आसपासचा सामू मानवतो. सामू सहाचा पाच झाला तर आकडा एकने उतरलेला दिसतो, पण आम्लता दहापट वाढलेली असते. साडेपाचच्या खाली अॅल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं जाड, आखूड, तपकिरी होतात. मग घातलेलं खत घ्यायला मूळच उरत नाही. पानं पिवळी पडलेली पाहून मळेवाला आणखी खत घालतो आणि आम्लता आणखी वाढते. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे, तो म्हणजे शेतीचा चुना किंवा डोलोमाइट. पण तो माती तपासून घालावा लागतो. आणि खत व चुना एकाच वेळी पडू द्यायचे नाहीत. एकत्र पडले तर अमोनिया वायू होऊन उडून जातो.

खत घालण्याची जुनी पद्धत मला फार आवडते. कसबी मजूर झुडपाभोवतीचा पाचोळा आधी बुंध्यापासून मागे ओढतो, फांद्यांच्या छत्रीखाली गोल करून खत भुरभुरतो, बोटांनी जरा मातीत मिसळतो आणि पाचोळा परत जागेवर सारतो. एका झुडपाला जेमतेम मिनिट लागतं. मजुरी वाढली आणि माणसं मिळेनाशी झाली, तसं बऱ्याच ठिकाणी खत पाचोळ्यावर वरूनच फेकलं जाऊ लागलं. ते पानांवर अडकतं, पहिल्या सरीत वाहून जातं. हे नुकसान कुठल्या आकडेवारीत येत नाही.

तिसरी गोष्ट तांब्याची. १८६९ साली सिलोनमध्ये कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथले मळे चहाखाली गेले. भारतातल्या अरेबिकाला वाचवलं ते मोरचूद आणि कळीच्या चुन्याच्या बोर्डो मिश्रणाने. सुपारीच्या कोळेरोगावर हेच मिश्रण मारणाऱ्या कोकण-गोव्यातल्या बागायतदारांना ते वेगळं सांगायला नको. ते मारल्याशिवाय अरेबिका टिकत नव्हती, म्हणून त्या पिढ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तांबं कुजत नाही, उडून जात नाही, पाण्याबरोबरही फारसं उतरत नाही. ते त्याच वरच्या वीतभर थरात ह्यूमसला धरून साठत राहतं. ह्यूमस भरपूर आणि सामू ठीक असेल तोवर ते निपचित पडून असतं. सावली काढली, ह्यूमस घटला, सामू उतरला की ते सुटतं, आणि गांडुळांना आणि बुरशांना त्याचा त्रास होऊ लागतो. आजोबांनी मारलेल्या फवारणीचा परिणाम असा नातवाच्या सावलीच्या निर्णयावर अवलंबून राहतो.

माती परीक्षण याबाबत काय सांगतं? २०१५पासून देशभर दिल्या जाणाऱ्या मृद् आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबंही आहे, पण ते कमी पडतंय का एवढंच पाहायला. गहू-भाताच्या शेतासाठी ते बरोबर आहे. कॉफीच्या मळ्यात मात्र विचारायला हवं की तांबं जास्त तर झालं नाही ना. सेंद्रिय कर्बाचा रकाना बाराव्या भागाइतकाच महत्त्वाचा असल्यासारखा इतरांच्या रांगेत बसवलेला आहे, आणि सावलीबद्दल तर एकही प्रश्न नाही. बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेला हे सगळं पक्कं ठाऊक आहे. १९२५पासूनची ती संस्था आहे आणि सावली, चुना, खत यांवरचं तिचं काम मोलाचं आहे. तरी शेतकऱ्याच्या हातात पडतो तो कागद त्याला गोण्यांचा हिशेब देतो, आणि तो दुकानात जातो.

आता मूळ मुद्दा. गेल्या काही दशकांत या मळ्यांतली देशी सावली हटत गेली आणि तिच्या जागी सिल्व्हर ओक आला. पूर्व ऑस्ट्रेलियातलं हे झाड सरळसोट वाढतं, लाकूड लवकर देतं आणि त्यावर मिरीचे वेल चढवता येतात. सावली त्याची विरळ. पान चिवट, कुजायला दडापाच्या पानापेक्षा कितीतरी वेळ घेणारं. उंबर, फणस, बेहडा, शिसव, नांदरुख यांची पानं वेगवेगळ्या वेळी गळतात, वेगवेगळ्या वेगाने कुजतात, म्हणून त्या मळ्याच्या मातीला वर्षभर थोडंथोडं मिळत राहतं. एकाच जातीच्या सावलीत हे होत नाही. सिल्व्हर ओकला मी खलनायक ठरवत नाही. आंध्र प्रदेशात अरकूच्या डोंगरांवर फिरत्या शेतीने उघड्या पडलेल्या उतारांवर आदिवासी शेतकऱ्यांनी सिल्व्हर ओक लावला आणि त्याखाली कॉफी घेतली. तिथे या झाडाने माती झाकली. उघड्या डोंगरावर ते वरदानच आहे. पण जंगली सावली तोडून तेच लावलं, तर मातीची उतरती कळा सुरू होते.

मग शेतकरी ते का लावतो? कारण ते त्याचं असतं. कोडगूत जमिनीच्या कागदांवर झाडांचा हक्क वेगळा लिहिलेला असतो. ज्या जमिनीवर पूर्वी कधी झाडांची किंमत सरकारजमा झालेली नाही, तिथल्या जंगली झाडांच्या लाकडावर हक्क सरकारचा. जिथे हक्क शेतकऱ्याचा आहे, तिथेही शिसव किंवा बेहडा तोडायचा तर परवानगी, पाहणी, वाहतुकीचा परवाना, अशा फेऱ्या मारायच्या. सिल्व्हर ओकला यातलं काही नाही. शेतकऱ्याने तो लावावा, वाढवावा, मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याच्या खर्चाला कापावा. आपण शिसवीचं रोप लावलं तर तीस वर्षांनी ते आपलं असेल की वनखात्याचं, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ते का लावावं? आपोआप उगवलेलं रोपही मग लहानपणीच उपटून टाकणं त्याला शहाणपणाचं वाटतं. झाडं वाचवण्यासाठी केलेला नियम अशा रीतीने देशी झाडांचं पुढचं पीकच बंद करतो. आज उभी असलेली मोठी झाडं म्हातारी होऊन पडतील तेव्हा त्यांची जागा घ्यायला खाली काही नसेल. याची किंमत माती मोजणार आहे, आणि कुठल्याही पत्रिकेच्या बारा रकान्यांत हे दिसणार नाही.

भावाचाही यात हात आहे. १९८९मध्ये भाव सावरून धरणारा आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला, आणि २०००नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत भाव इतके कोसळले की कित्येकांनी खत आणि चुना बंद केला आणि सावलीची झाडं विकून घर चालवलं. २०२४मध्ये रोबस्टाचे जागतिक भाव विक्रमी चढले. आता उलटी ओढ आहे, सावली काढा, ऊन येऊ द्या, ठिबक टाका, जास्त पिकवा. भाव पडला तरी झाड जातं, चढला तरी जातं. सावली कमी केली की पहिली काही वर्षं उत्पादन खरंच वाढतं, हे लपवण्यात अर्थ नाही. ह्यूमस संपेपर्यंत ती साठवलेली सुपीकताच विकली जात असते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला वीस वर्षांनंतरच्या ह्यूमसची गोष्ट सांगणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. कारण त्या मातीचा फायदा त्याला एकट्याला होत नाही. कावेरी या डोंगरांत उगम पावते. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती जो पाऊस मुरवते, तो उन्हाळ्यात म्हैसूर आणि बंगळूरच्या नळाला येतो. ऑगस्ट २०१८मध्ये कोडगूत दरडी कोसळल्या, माणसं गेली, मळेच्या मळे डोंगरावरून खाली घसरले. त्या अतिवृष्टीचं खापर एकट्या सावलीच्या माथी मारता येणार नाही. रस्त्यांसाठी आणि घरांसाठी कापलेले उतारही त्याला कारण आहेत. पण उतारावरची माती कोणत्या मुळांनी धरलेली आहे, हा प्रश्न त्या वर्षी सगळ्यांना दिसला. खोल मुळांची झाडं राखणारा शेतकरी शहरांचं काम करतो आहे आणि त्याबद्दल त्याला काही मिळत नाही.

महाराष्ट्राला यातून घेण्यासारखं आहे. चिखलदऱ्याला मेळघाटच्या अकराशे मीटर उंचीवर कॉफी आहे. तिथे खाली बेसॉल्ट आहे, पाऊस पश्चिम कोडगूपेक्षा कमी, म्हणजे मातीची जात वेगळी. कर्नाटकातलं खतांचं वेळापत्रक तिथे जसंच्या तसं उचलून चालणार नाही. सावलीचा प्रश्न मात्र तोच आहे. कोकणात आंबा-काजूच्या जांभ्या जमिनींवरही हाच पाऊस आणि हीच आम्लता आहे, आणि तिथेही आपण पाचोळा जाळतो, झाडोरा साफ करतो आणि मग गोणी आणतो. गोव्यातल्या कुळागरांत सुपारी, मिरी, केळी, फणस एकावर एक थरांनी उभे असतात. त्यांच्याखालच्या मातीचं नीट, वर्षानुवर्षं चालणारं मोजमाप आपल्या कृषी विद्यापीठांनी करायला हवं.

कर्नाटक सरकारपुढे मागणी साधी आहे. मळ्यात लावलेल्या आणि जपलेल्या देशी झाडावर शेतकऱ्याचा पूर्ण हक्क मान्य करा, आणि लावलं त्या दिवशीच त्याची नोंद करा, म्हणजे तीस वर्षांनी वाद राहणार नाही. सिल्व्हर ओकला जी मोकळीक आहे ती शिसव आणि फणसालाही द्या. कॉफीच्या पत्रिकेत तांब्याची वरची मर्यादा आणि सावलीची नोंद असे दोन रकाने वाढवा. कावेरीचं पाणी पिणाऱ्या शहरांकडून थोडी पाणीपट्टी घेऊन ती देशी सावली राखणाऱ्या मळ्यांना द्या. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. झाडांच्या हक्काचा प्रश्न तर इंग्रजी अमदानीतल्या जमीन नोंदींपासून लोंबकळत आहे, आणि तो सोडवण्याचा अधिकार राज्य सरकारच्या हातात आहे.